कपाशीच्या फुलाच्या रंगाचं पेन

कपाशीचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. मधल्या संध्याकाळी त्याचा जो रंग असतो, त्याला नाव नाही. निदान मला येणाऱ्या कुठल्याच भाषेत मला ते सापडलं नाही. माझ्याकडचं एक पेन त्या रंगाचं होतं.

मी सुरतेला इंग्रजी शाळेत होते. सुट्टीला येताना नंदुरबारला गाडीतून उतरायचं आणि शहाद्याची मोटार सुटेपर्यंत वडिलांबरोबर बाजारात थांबायचं, असं ठरलेलं असे. वडील बियाण्याच्या दुकानात जाऊन बसत. शेजारी वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं, मी तिथे उभी राही. लोक काळी पेनं घेत, निळी घेत, फार तर एखादा मास्तर किरमिजी रंगाचं घेई. महायुद्धाच्या आधी आलेली भलत्याच रंगांची पेनं कपाटाच्या मागच्या खणात पडून होती. "असलं पेन खिशाला लावून कचेरीत कोण जाईल?" असं दुकानदार म्हणे. ती मला स्वस्तात मिळत. हिरव्यावर काळ्या रेघांचं, शिंपल्यासारखं राखाडी, पिकल्या जांभळाचं, अशी ती एकेका सुट्टीत माझ्याकडे आली. त्या पेनांनी मी लिहीत असे.

कपाशीच्या फुलाच्या रंगाचं हे पेन सगळ्यांत शेवटी आलं. दुकानदाराने ते खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "आलं तेव्हा हे असंच होतं का, ते मला सांगता येणार नाही. शाईच्या आतल्या रबरी नळीमुळे वरचा रंग बदलतो कधी कधी."

हे त्याने सांगायला नको होतं. म्हणजे मला आवडलेला रंग मुळातला होता की बिघडलेला? नळी खालच्या भागात असते, टोपणात नसते, म्हणून मी टोपण आणि खालचा भाग शेजारी धरून बघे. कधी खालचा भाग गडद वाटे, कधी दोन्ही सारखेच. त्या पेनात मी शाई भरली नाही. आधी वाटलं, चांगलं काही लिहायचं असेल तेव्हा भरू. मग वाटलं, एकदा भरलं की ते बाकीच्यांसारखंच एक होईल. मग वाटलं, न लिहिणारं पेन ठेवून तरी काय करायचं? दर सुट्टीत कारण बदले आणि पेन कोरंच राही.

शाळा संपली आणि मी तापीकाठच्या आमच्या गावी कायमची परत आले. त्याच हिवाळ्यात चुलत बहिणीचं लग्न ठरलं. ती माझ्याहून वर्षभराने मोठी. लग्नाआधी म्हसावदहून फुई आली, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं घराणं मूळ गुजरातकडचं, पण घरात गुजरी बोली आणि अहिराणी इतकी मिसळून गेली होती की पाहुणा कुठला आहे ते बघून आम्ही तोंड उघडत असू. फुई अहिराणीतच बोले, आणि तिच्यापुढे बाकीचे ऐकत.

आमच्यात लग्नाचं पहिलं आमंत्रण कुलदेवीला जातं. त्याला कंकोतरी म्हणतात. ती हाताने लिहायची, तीही कुंकवाच्या पाण्याने, आणि ज्याने आधी कधी लिहिलेलं नाही अशा लेखणीने. पूर्वी डाळिंबाची काडी तासून घेत. घरात शिकलेली माणसं झाली तसं कुणाला तरी वाटलं की आता पेन असावं. मागच्या लग्नात काकांनी नवं काळं पेन आणलं आणि त्यात कुंकवाचं पाणी भरलं. कंकोतरी लिहून झाली, पण कुंकू आत वाळलं आणि ते पेन पुन्हा कधी चाललं नाही. काका ते अजूनही कोटाच्या खिशाला लावत, आणि सही करायची वेळ आली की समोरच्याकडे पेन मागत.

ओसरीवर फुईने कुंकू कालवलं. नातेवाइकांची नावं घालायच्या पत्रिकांची चळत शेजारी ठेवली होती.

"आते पेन आना," ती म्हणाली. "कोरी पाहिजे."

काकांनी कपाळावर हात मारला. शहाद्याहून आणायचं ते राहूनच गेलं होतं.

"हिनापा शे ना!" नवरी मुलगी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "कपाशीना फूलना रंगनी. कधी लिखती नही तिन्हाघाई. नुसती काढस, देखस, ठेवी देस."

"मंग लई ये वं पोरी. कोरी चीज लगनले नही, ते कसाले ठेवनी?"

मी तिथेच उभी राहिले. नाही म्हणायचं तर ते कुठल्या भाषेत म्हणायचं, हेच मला कळेना. माझं इंग्रजी तिथे कुणाच्या कामाचं नव्हतं, अहिराणी बोलले की बहीण हसे, आणि लहानपणी गावच्या शाळेत शिकलेलं मराठी बोलले की सगळे मी रागावले आहे असं समजत.

"देख, तिन्हं तोंड देख," बहीण म्हणाली. "फुई, हिन्या पेनी म्हंजे हिन्या पोरी शेत. घरमाच ठेवी ठेवी म्हाताऱ्या करी टाकी."

"तुन्हं लगन शे ना? मंग तू चूप ऱ्हाय," फुई म्हणाली, पण तीही हसत होती.

मी आत गेले. पेन घेतलं. शेजारी निळ्या शाईची दौत होती, ती का उचलली ते मला धड सांगता येत नाही. एक कारण सरळ होतं: शाई भरली की पेन कोरं राहणार नाही, मग ते कुंकवापासून वाचेल. पण ओसरीवर येईपर्यंत मला असंही वाटू लागलं की मला फक्त शाई भरायची होती, इतकी वर्षं, आणि आता कुणीतरी ढकलल्यावर ते जमत होतं. यातलं खरं कारण कुठलं, हे ठरवायला वेळ नव्हता. सगळ्यांच्या देखत मी दौत उघडली, निब आत बुडवली आणि शाई आत खेचणारी बाजूची दांडी ओढली.

"आरे, हाई काय करी ऱ्हायनी?" काका ओरडले.

शाईत एकही बुडबुडा आला नाही. मी दांडी पुन्हा ओढली. आत काहीतरी कुरकुरलं, वाळलेली शेंग पायाखाली यावी तसं. पेन हलवलं तर आत खुळखुळ वाजलं. मी ते उघडलं. आतली रबराची नळी कडक होऊन तुटली होती. तिचे काळे तुकडे माझ्या तळहातावर पडले.

मी जपत होते ते पेन आतून कधीच गेलेलं होतं. केव्हा, ते कळायला मार्ग नव्हता. माझ्याकडे असताना की दुकानातल्या कपाटातच? मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. उलट थोडं हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची मला लाज वाटली.

फुईने पेन माझ्या हातातून घेतलं, निब पदराला पुसली आणि आत डोकावून पाहिलं.

"शाई पोटमा गयी का?"

"नाही," मी म्हणाले.

"पोटमा नही गयी, मंग कोरीच शे," तिने निकाल दिला.

"ताई, तोंड ते निळं व्हयनं ना तिन्हं!" काका म्हणाले.

"तोंड धोवाई जास. तुन्ही पेनना पोटमा कुकू भरं, म्हनीसन ती मरनी. हाई नुसती बुडाईसन लिखानी, काडीना मायक." काडीसारखं नुसतं बुडवत लिहायचं म्हणून तिने निब तांब्यातल्या पाण्याने धुतली आणि पेन परत माझ्या हातात दिलं. "तुन्ही चीज शे. तूच लिख."

आजवर कंकोतरी घरातल्या पुरुषांनीच लिहिलेली मी पाहिली होती. मी काकांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते, म्हणजे हरकत नव्हती. मी मांडी घालून बसले आणि निब कुंकवात बुडवली. पहिलं अक्षर फिकट उठलं, दुसऱ्यावर कुंकवाचा गोळा पडला. पुन्हा बुडवलं. निब मऊ होती, माझ्या बाकीच्या सगळ्या पेनांपेक्षा मऊ. दाबलं की रेघ रुंद होई, सोडलं की बारीक. बहिणीचं नाव लिहिताना ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

कंकोतरी वाळायला ठेवली. मी निब धुतली. बाहेर उन्हात पेन गुलाबी दिसत होतं, ओसरीच्या सावलीत पिवळं.

"ठेवी दे आते नीट," फुई म्हणाली. "लगननी पेन शे. आते तिले दुसरं लिखानं नही लावानं."

"अजून पत्रिका राहिल्या आहेत," मी म्हणाले. शाळेतलं मराठीच तोंडातून आलं. फुई माझ्याकडे बघत राहिली. मी रागावले आहे की नाही, हे तिला कळलं नसावं. मलाही ते नक्की माहीत नव्हतं.

मी निळ्या शाईची दौत जवळ ओढली आणि फुईने दुसऱ्या कशाला लावू नको म्हटलेलं तेच पेन बुडवून कळसाडीच्या मामांचं नाव लिहिलं. शाई जास्त उतरली, शेवटचा काना फुटला. मी टिपकागद दाबला आणि पुढची पत्रिका घेतली.