प्रयागाच्या नावावर तीन ग्लास

हे मी मुलाला सांगितलं नाही, सुनेला नाही, देवापुढंही तोंडातून काढलं नाही. देवाला माहीतच असेल म्हणून गप्प बसले — सोयीचं असतं ते. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

माझी शाळा चौथीपर्यंत. वय पंचाहत्तरच्या पुढं. सिडकोत आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात दर एकादशीला बायकांचं भजन असतं. तिथं मी तीस वर्षं टाळ वाजवला. चाल धरायची ती प्रयागा. ती गंगापूरकडची, आमच्यापासून दोन घरं सोडून राहायची. अक्षराची ओळख नाही, पण शेकडो अभंग पाठ. आवाज गोड नव्हता तिचा, भरडा होता. पण एकदा ओळ उचलली की सूर जागचा हलायचा नाही. ती पुढं, मी मागं. तिनं उचलायचं, मी झेलायचं. तीस वर्षं हेच.

मला काय आठवतं म्हणाल तर तो आवाज. अन् त्याच्या खालोखाल ती वाइन. लाज वाटून घेऊ का? दोन्हींसाठी जीव तुटतो, मग एकच कशाला सांगू.

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही दोघी माझ्या लेकीकडं नाशिकला गेलो. चार दिवस. कुणी आजारी नाही, कुणाचं लग्न नाही, नुसतंच राहायला. अशी सुट्टी मी जन्मात पहिल्यांदा घेतली. तिसऱ्या दिवशी माझी नात स्नेहल म्हणाली, वाइन करतात ती जागा दाखवते, द्राक्षांची बाग आहे, नुसतं बघायला चला. फाटकातून आत गेलो तर दाराशीच प्रयागा थबकली. गळ्यातली तुळशीची माळ चाचपली.

"मी न्हाई बाई आत येत. माळ हाय गळ्यात. तू जाय, बघून ये अन् मला सांग."

बाहेर झाडाखाली बाक होता. त्यावर बसली. माझी पिशवीही मांडीवर घेतली.

आत लांबलचक टेबल, त्यामागं एक पोरगी ग्लास मांडत होती. स्नेहलला तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, ती बोलत बोलत फाटकाबाहेर गेली. पोरगी म्हणाली, "आजी, चाखणार का?" विचार करायला वेळ लागला असं म्हणू? नाही लागला. मी म्हणाले, "लाल दे. स्वस्तातल्याच दे, महागाची चटक लागायला नको." ती हसली. मग कॉम्प्युटरकडं वळली. नाव सांगा, मोबाइल नंबर सांगा.

तिथं मी अडकले.

माझा फोन सून बघते. अन् मी कोण? दारू पिणाऱ्याच्या घरचा प्रसादही न खाणारी बाई. तसं तोंडावर बोलून दाखवणारी. माझा नवरा दारूनं गेला, तेव्हापासून गल्लीत कुणाचाही पाय लटपटला की पहिला आवाज माझा. त्या बाईचं नाव दारूच्या कॉम्प्युटरात? मला दोनच नंबर पाठ होते — एक माझा, एक प्रयागाचा. मी दुसरा सांगितला. नंबराबरोबर नावही तिचंच दिलं. वाटलं, त्यात काय? कुठं नाशिक, कुठं आम्ही.

पहिली आंबट निघाली, शिळ्या कोकमाच्या पाण्यासारखी. दुसरीनं जिभेला तुरट ओढ बसली, कच्चं केळ खाल्ल्यावर बसते तशी. तिसरी — तिसरीचं कसं सांगू? लहानपणी दौलताबादेला मामाकडं काळी द्राक्षं खायचो. बिया थुंकायच्या अन् साल चघळत बसायचं, गर संपला तरी. ती साल परत तोंडात आली. साठ-पासष्ट वर्षांनी. घोट गिळवेना. गिळला की जाणार, म्हणून धरून ठेवला.

तो ग्लास घेऊन मी बाहेर आले. एकटीनं प्यायला बरं वाटेना. प्रयागा ओरडली, "आगं, लांब धर! माळंवर शिंतोडा उडंल!" मी म्हणाले, पिऊ नको, वास तर घे. वासाला कुठं बंदी आहे? तिनं पदर नाकाशी धरला, मग हळूच काढला. डोळे मिटले.

"जांभळाच्या झाडाखालचा वास हाय गं. खाली सडा पडतो ना, तवाचा."

मी तिच्यासमोर ग्लास संपवला. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "लाज हाय का तुला म्हातारे? जाय. कुणाला सांगायची न्हाई मी."

दोन महिन्यांनी एकादशीला भजन सुरू व्हायच्या आधी तिचा फोन वाजला. वाचायचं काही असलं की ती माझ्याकडं द्यायची. तसा दिला. "वाच गं, गॅसचं हाय का?" मराठीतच होतं. वर तीन बाटल्यांचं चित्र. खाली — प्रयागाबाई, आमच्याकडं चाखलेल्या तीन रेड वाइन आपल्याला कशा वाटल्या? मी म्हणाले, काही नाही, जाहिरात आहे. पण माझ्या शेजारी निर्मलाताई बसल्या होत्या. मंडळाचं सगळं त्याच बघायच्या. त्यांना बाटल्या दिसल्या. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला अन् मोठ्यानं वाचला. नावासकट.

प्रयागा हसायला लागली. तिला थट्टाच वाटली. मग कुणी हसेना तेव्हा म्हणाली, "मी तर भाईर बसले व्हते. इचारा हिला."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. किती सोपं होतं? चार शब्द. मी म्हणाले —

"मला काय माहीत? मी आत बाग बघत होते."

ती म्हणाली, "स्नेहलला तरी फोन लाव." मी म्हणाले, माझ्या फोनची चार्जिंग संपली. फोन माझ्या पिशवीत होता, भरलेला.

तेव्हा तिला कळलं. माझ्याकडं बघितलं तिनं, अन् मला वाटलं आता बोलणार — ही प्याली, माझ्यासमोर प्याली. बोलली नाही. कुणाला सांगायची नाही म्हणाली होती ना, ते तिनं पाळलं. निर्मलाताई माळेबद्दल काहीबाही बोलत होत्या. दुसरी एक म्हणाली, आता हिच्या मागं आम्ही देवाचं नाव घ्यायचं का? प्रयागानं टाळ सतरंजीवर ठेवला, आवाज होऊ न देता. अन् गेली.

महिन्याभरात ती चिकलठाण्याला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेली. मी एकदाही गेले नाही. बस थेट जाते.

अजून एक सांगायचं राहिलं. तिची जागा मंडळानं मला दिली. मी घेतली. नको म्हणाले नाही. आता मी पुढं बसते अन् ओळ उचलते. कधी फार वर लागते, कधी खाली. मला झेलता येत होतं, उचलता कधी आलंच नाही. प्रत्येक वेळी टाळ हातात घेतला की मी क्षणभर थांबते — ती सुरू करील म्हणून. बायकांना वाटतं मी देवाला आठवते.

मागच्या हिवाळ्यात नाशिकला परत गेले. त्याच टेबलाशी उभी राहिले, माझं खरं नाव सांगितलं, माझा खरा नंबर. तिथं खरं सांगायला काय लागतं? फक्त तिसरीच मागितली. ग्लास घेऊन त्या बाकावर जाऊन बसले. डोळे मिटून वास घेतला. खूप वेळ घेतला. जांभूळ आलं नाही.

तेव्हा देवळात जे बोलायचं होतं ते असं होतं. तिन्ही ग्लास मी प्याले. नाव तिचं मी सांगितलं. प्रयागा बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर माझी पिशवी धरून.