समदेच गोल, समदेच लाल

मी शाळेत गेलेली नाही. लेक पहिलीत गेली तेव्हा तिच्या पुस्तकात डोकं घालून मी अक्षरं शिकले. तिच्या मागंमागं चौथीपर्यंत आले, मग ती पुढं निघून गेली आणि मी तिथंच राहिले. पण तेवढ्यावर मी फार मिरवलं, हे आधीच सांगते. पुढचं सगळं त्या मिरवण्यातूनच झालं.

लेक आणि जावई दोघंही रांजणगावला कंपनीत, शिफ्टची कामं. राहायला माझ्याकडंच, घोडनदीच्या काठाला आमची वस्ती आहे तिथं. नातू दिवसभर माझ्यापाशी. त्याला चौथं लागलं तेव्हा शिरूरच्या शाळेत नर्सरीला घालायचं ठरलं. प्रवेशाच्या वेळी पोराला आकार विचारतात असं कळलं. लेक म्हणाली, "मोबाईलवर हायेत व्हिडिओ, ते दाखव त्याला." मी म्हटलं, "मोबाईल कशाला? घरात काय आकार कमी हायेत का?"

आणि खरंच कमी नव्हते. भाकरी गोल, तवा गोल, विहिरीचं तोंड गोल. कोथिंबिरीचा वाफा आयत, दार आयत, खाट आयत. ओट्याची फरशी चौकोन. देवळावरची पताका त्रिकोण. पोराला इतका नाद लागला, की जेवायला बसलं तरी बोट पुढं. "आजी, गोल!" परसाकडं जातानासुद्धा, "आजी, आयत!"

एवढ्यावर थांबायचं ना. पण मला वाटलं, पक्कं झालं पाहिजे. म्हणून खताच्या दुकानातून खोकी आणून पुठ्ठे कापले आणि रंगवले. गोल सगळे लाल, त्रिकोण सगळे हिरवे, चौकोन पिवळे, आयत निळे. म्हणजे एका दगडात दोन पाखरं, आकार पण येतील आणि रंग पण येतील. "लाल दे" म्हटलं की पोरगं गोल पुठ्ठा द्यायचं. "हिरवा दे" म्हटलं की त्रिकोण. एकदाही चुकलं नाही. शेजारणींना बोलावून दाखवलं मी. "बघा, शाळेची पायरी न चढलेल्या आजीचा नातू!"

भाकरी बघून तो "गोल, लाल" म्हणायचा तेव्हा मी हसायचे. म्हणायचे, "अरे, करपली व्हय रे माझी भाकर?"

प्रवेशाच्या दिवशी लेकीची पहिली शिफ्ट होती. मी त्याला घेऊन एसटीनं गेले. वर्गात बाई होत्या, तरणी पोरगीच म्हणा, पण बोलायला मऊ. त्यांनी टेबलावर प्लास्टिकचे आकार मांडले. बाजूला आणखी चार-पाच आया पोरं घेऊन बसलेल्या. बाईंनी एक आकार उचलला.

"हा कोणता?"

"गोल."

"शाब्बास. रंग?"

"लाल."

तो गोल हिरवागार होता. बाईंनी त्रिकोण उचलला, तो लालभडक.

"त्रिकोण. हिरवा."

"बाळा, नीट बघ बरं."

त्यानं नीट बघितलं. अगदी डोळे बारीक करून बघितलं आणि माझ्याकडं मान वळवून म्हणाला, "हिरवाच. व्हय ना, आजी?"

बसलेल्यांतली एक आई फिसकन हसली. तिच्या पोरीनं लगेच ओरडून सांगितलं, "लाल हाय तो!" माझ्या कानशिलापर्यंत गरम झालं. बाई मला काहीतरी सांगत होत्या, "आजी, आकार सगळे येतात त्याला, प्रवेशाची काळजी नको, फक्त रंगांचं जरा..." मी पुढचं ऐकलंच नाही. हाताला धरून ओढत बाहेर काढला त्याला. आणि फाटकाबाहेर चापट दिली. गालावर. लोकांसमोर.

"इतकं शिकवलं तरी ध्यानात न्हाई? आंधळा हायस का?"

हळूच दिली होती, असं मी लेकीला संध्याकाळी सांगितलं. हळू नव्हती दिली.

येताना एसटीत तो खिडकीला होता. रस्त्यानं पाट्या, चाकं, पत्र्याची शेडं, सगळं आकारांनी भरलेलं. पोरानं एकदाही बोट उचललं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. ताटात भाकरी वाढली की खाली मान घालून खायचा. मी मुद्दाम विचारायचे, "ही कशी हाय रं?" तो म्हणायचा, "ठावं न्हाई."

चौथ्या दिवशी वावरातनं टोमॅटो आणले होते. पिकलेले आणि हिरवे एकत्रच आले पाटीत. मी दोन टोपल्या ठेवल्या आणि त्याला गोडीत घेतलं. म्हटलं, "लाल लाल हिकडं टाक माझ्या सोन्या, आमटीला घ्यायचेत." तो बसला. एक टोमॅटो उचलला, हातात फिरवला, बोटानं चाचपला. मग दुसरा. मग तिसरा. एकही टाकेना. शेवटी रडवेला होऊन म्हणाला,

"आजी, समदेच गोल हायत. मंग समदेच लाल ना?"

मला ते पोरगं दिसलंच नाही त्या क्षणाला, मला माझा धाकटा भाऊ दिसला.

आमचं माहेर दौंडकडं. भाऊ सात-आठ वर्षांचा असेल, टोमॅटो तोडायला लावला की लालाबरोबर हिरवेगार तोडून आणायचा. वडील मारायचे. आणि वडिलांना जाऊन सांगायचं कोण? मीच. एवढ्यावर नाही भागलं. लग्नाकार्यात चार माणसं जमली, की आजपर्यंत मी तो किस्सा रंगवून सांगत आले. सगळे हसायचे. तोही हसायचा.

मी त्याला फोन लावला आणि लाल-हिरव्याचं विचारलं.

"व्हय, आक्का," तो म्हणाला, "मला न्हाई कळत लाल-हिरवं. कवाच न्हाई कळलं."

"मंग गाडी कशी चालवतोस तू?"

"सिग्नलला वरचा पेटला की थांबायचं, खालचा पेटला की निघायचं. सोप्पं हाय."

"आन् टमाटं?"

"ते तुझी भावजय तोडती. मी निस्तं क्रेट उचलतो."

"इतकी वर्षं बोलला का न्हाईस रं?"

तो म्हणाला, "तुमी समदी हसत व्हता. मग मीबी हसलो."

मी फोन ठेवला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं, पोरालाही लाल-हिरवं वेगळं दिसत नाही. हे आईकडून येतं, तिला तिच्या आईकडून आलेलं. म्हणजे माझ्याकडून. माझ्याच अंगातलं पोरात उतरलं आणि त्यासाठी मीच त्याला मारलं. शिवाय पोरगं चुकलंच नव्हतं. गोल म्हणजे लाल, हे मीच शिकवलं होतं. त्यानं ते इमानानं लक्षात ठेवलं. लाल त्याला कधी दिसलाच नव्हता, दिसला तो आकार.

पुठ्ठे चुलीत घातले. त्याला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "माझं चुकलं रं. तुझं बरोबर व्हतं." त्यानं विचारलं, "समदे लाल न्हाईत?" म्हटलं, "न्हाईत. पण गोल समदे हायेत."

आता तो शाळेत जातो. बाईंना सगळं सांगितलंय, त्या त्याला पुढं खडूवरचं नाव वाचून रंग ओळखायला शिकवणार आहेत. लेकीलाही सांगितलं, चापट किती जोरात होती तेपण. ती नुसती उठून आत गेली.

आकार तो पुन्हा सांगायला लागलाय. परवा चंद्र दाखवला, गोल म्हणाला. पण सांगण्याआधी एक क्षण थांबतो आणि माझ्या उजव्या हाताकडं बघतो. मग बोलतो.