नळी की जाळी

आईला कावीळ झाली तेव्हा टेंभुर्णीच्या आमच्या घरात सगळेच डॉक्टर झाले. शेजारच्या गावातून मुळ्यांची माळ आणून तिच्या डोक्यावर ठेवली. माळ लांबत लांबत खाली उतरली की कावीळही उतरली, असा हिशेब! स्वयंपाकातून तेल आणि हळद बंद. पांढरं वरण, फुटाणे, उसाचा रस. माळ पार कमरेपर्यंत आली, पण आई आणखीच पिवळी झाली आणि दिवसभर अंग ओरबाडत बसायला लागली.

मी जालन्याच्या शाळेत शिकवायचे. सुट्टीत गेले, तिचे डोळे पाहिले आणि माळ तोडून फेकली. वडील ओरडले. ओरडू दे म्हटलं.

औरंगाबादच्या डॉक्टरांनी आम्हा भावंडांना बाहेर बोलावून सांगितलं, पित्ताच्या वाटेत कॅन्सर आहे, काढता येणार नाही. पण तुंबलेली वाट दुर्बिणीतून मोकळी करता येईल. प्लॅस्टिकची बारीक नळी टाकली तर खर्च कमी, पण काही महिन्यांत तिच्यात गाळ बसतो आणि ती बदलावी लागते. तारेची जाळी आत जाऊन आपोआप फुलते, वाट रुंद करते, जास्त दिवस चालते. मात्र महाग, आणि एकदा बसली की काढणं अवघड. दिवस थोडे असतील तर नळी पुरते, असंही ते म्हणाले. थोरल्या भावाने लगेच नळी ठरवली.

नळीने आईची खाज गेली. डोळे पांढरे झाले. बाई जेवायला लागली, ठेचा मागायला लागली! घरात हळद मात्र बंदच, कारण सगळ्यांना अजून भीती.

दोनेक महिन्यांनी हुडहुडी भरून ताप आला आणि डोळे परत पिवळे. जीपमध्ये आडवी घालून तिला पुन्हा औरंगाबादला नेलं. नळी तुंबली होती. वॉर्डाच्या दाराशी भाऊ म्हणाला, "दुसरी नळी टाकू."

माझं डोकंच फिरलं. "आणि ती तुंबली की? दर खेपेला हिला अशी कुडकुडत कोण आणणार, तू?"

आतून आईचा आवाज आला, "मला काहून इचारत न्हाई कोणी?"

आम्ही तिला आजाराचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं. दोघं मान खाली घालून आत गेलो.

"मला समदं कळून राह्यलं," ती म्हणाली. "मरायचं त मरीन. पण अशी पिवळी बिलकुल जाणार न्हाई. जी जास्त टिकती ती टाका."

डॉक्टरांनी तिलाच समजावलं, की गाठ वाढून जाळीही कधीतरी बंद होऊ शकते.

"मंग तव्हा पाहू," आई म्हणाली.

जाळी बसली. घरी आल्यावर तिने सगळ्यात आधी हळदीचा डबा मागितला, चुलीपुढे बसून स्वतः वरणात चमचाभर हळद टाकली आणि वडिलांना दम भरला, "डॉक्टरनं न्हाई, तुम्हीच बंद केल्ती." मला इतकं हसू आलं, इतकं बरं वाटलं! पुन्हा जीप बोलवायची वेळ आली नाही.

थंडी सरता सरता ती गेली. अंगात काही उरलं नव्हतं, पण डोळे शेवटपर्यंत पांढरे होते. सवाष्ण गेली म्हणून शेजारणी हळदी-कुंकू घेऊन आल्या. एकीने तिच्या दोन्ही गालांना हळद लावली.

गालांवर ती हळद उठून दिसली.