इंदूताईंचा घोटा आणि चार डॉक्टर

चिन्मय, तन्वी,

परवा तुमच्या आईचा कोल्हापूरहून फोन आला. तन्वीचा घोटा खो-खो खेळताना मुरगळून दोन महिने झाले, एक डॉक्टर प्लास्टर घाला म्हणतात, दुसरे व्यायाम करा म्हणतात, तिसरे म्हणतात आधी एमआरआय काढा. "तू एवढी वर्षं हॉस्पिटलमध्ये होतीस, आता सांग कोणाचं ऐकू?" हॉस्पिटलमध्ये मी होते, पण डॉक्टर म्हणून नव्हे. मी दुभाषी होते. तरी लांबलेल्या घोट्यांबद्दल मला थोडं कळतं, कारण माझा एक अख्खा हिवाळा एका घोट्यापायी गेला. फोनवर हे सगळं सांगता आलं नाही. तुमची आई कोणाला वाक्य पुरं करू देत नाही. म्हणून लिहिते आहे.

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या हॉस्पिटलमधली तपासणीची खोली. सर्जन कॉम्प्युटरकडे तोंड करून बसलेले. तपासणीच्या टेबलावर इंदूताई सोनटक्के, वय सत्तर, मूळच्या नागपूरच्या, उजवा पाय पुढे केलेला. त्या सर्जनकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"काय हो बाई, मागे तुम्हीच म्हणाल्या ना, तो बूट सोडून द्या. आज म्हणता, घाला. एकदा काय ते ठरवा ना."

आमच्या कामाचा हा जुनाच त्रास. दुभाषी 'डॉक्टर म्हणतात की' असं म्हणत नाही. डॉक्टर 'मी' म्हणाले की मीही 'मी' म्हणते. पेशंट म्हणाली, माझा पाय दुखतो, की मी इंग्रजीत म्हणते, माझा पाय दुखतो. आपल्याकडून काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. नियम चांगला आहे. पण त्या हिवाळ्यात चार डॉक्टरांचे चार सल्ले माझ्याच तोंडून, सारख्याच ठामपणे बाहेर पडले. इंदूताईंच्या दृष्टीने दर आठवड्याला शब्द फिरवणारी बाई मीच होते.

झालं होतं ते साधंच. इंदूताई मुलाकडे, मंदारकडे राहतात. डिसेंबरात टपाल आणायला म्हणून घरासमोरच्या ड्राइव्हवेवर गेल्या आणि बर्फावरून घसरल्या. घोट्याची शीर ताणली गेली आणि हाडाचा एक बारीक टवका उडाला. इमर्जन्सीच्या डॉक्टरांनी वॉकिंग बूट दिला. म्हणजे नडगीपर्यंत येणारा, पट्ट्यांनी आवळायचा, जाड तळव्याचा ठोकळा. प्लास्टरचं काम तोच करतो, फक्त काढता-घालता येतो. सहा आठवडे चालताना घाला, बरं वाटेल, असं ते म्हणाले.

सहा आठवड्यांनी सूज तशीच. मग सुरू झाली यात्रा. फॅमिली डॉक्टर म्हणाल्या, बूट जास्त दिवस ठेवला की सांधा आखडतो, सोडा आणि चाला. फिजिओ म्हणाला, चालणं ठीक, पण आधी रबरी पट्टा लावून व्यायाम, आणि बूट इतक्यात सोडू नका. पायांच्या स्पेशालिस्टने चपलेत घालायच्या गाद्या दिल्या आणि इंजेक्शनचं सुचवलं. सर्जन म्हणाले, इंजेक्शन अजिबात नको, बूट परत घाला. प्रत्येकाने आधीच्याची नोंद वाचली होती आणि प्रत्येकाने भुवई किंचित वर केली होती. भुवईचं भाषांतर करावं लागत नाही, एवढंच नशीब.

मंदार सॉफ्टवेअरवाला. त्याने एक स्प्रेडशीट केलं. डाव्या रकान्यात डॉक्टर, वर 'बूट', 'व्यायाम', 'इंजेक्शन', 'बर्फाचा शेक'. हो-नाहीचे हिरवे-लाल चौकोन. मला फोनवर दाखवत म्हणाला, "मावशी, यार, एक ओळ दुसरीशी मॅच होत नाही. यांचं आपसात बोलणं होतं की नाही?"

मी म्हटलं, "मला मत द्यायची परवानगी नाही, मंदार."

"तुमच्याकडे बघून कळतं," तो म्हणाला.

एक प्रश्न मात्र चारही ठिकाणी सारखाच विचारला गेला. चालताना बूट घालता ना? इंदूताईंचं उत्तरही चारही ठिकाणी तेच. "हो ना. तोच घालते. दुसरं काही पायात घालतच नाही." मी चारही वेळा ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. चौघांनीही टाइप केलं, पेशंट सूचना पाळते.

मार्चच्या शेवटी सर्जनची दुसरी अपॉइंटमेंट होती. मी लॉबीत उभी. दोघं वीस मिनिटं उशिरा आले.

"सॉरी मावशी," मंदार धापा टाकत म्हणाला. "हायवेला लागलो आणि आईला आठवलं, बूट गराजमध्येच राहिला. परत फिरलो. तुम्ही हिला घेऊन जा, माझा ऑफिसचा कॉल सुरू झालाय."

मी म्हटलं, होतं असं. खरंच काही वाटलं नाही मला.

आत सर्जनने नवे फोटो बघितले. टवका जुळलेला नव्हता. सूज होती. ते खुर्ची फिरवून इंदूताईंसमोर आले आणि शांतपणे बोलले. सव्वातीन महिने बूट घालूनही हाड जुळत नाही, म्हणजे बुटाचा उपयोग नाही. ऑपरेशन करून स्क्रू घालावा लागेल. तुम्हाला डायबिटीस आहे, त्यामुळे जखम भरायला वेळ लागेल, चिघळण्याचा धोका आहे. तो मी कमी लेखणार नाही. पण दुसरा मार्ग मला दिसत नाही.

हे सगळं मी 'मी' म्हणत मराठीत सांगितलं. इंदूताईंनी पदराने चष्मा पुसला.

"माझ्या मोठ्या बहिणीचा अंगठा असाच चिघळला होता," त्या म्हणाल्या. "मग पाऊल गेलं. सांगा त्यांना."

मी सांगितलं. सर्जनने मान हलवली. म्हणाले, काळजी घेऊ.

"मग करा बाप्पा काय करायचं ते. कुठं सही करू?"

सर्जनने संमतीचा कागद पुढे सरकवला. मी तो वाचून दाखवायला घेतला. ओळ होती, बुटाचा पूर्ण वापर करूनही गुण न आल्यामुळे. त्या ओळीवर मी अडखळले. बूट गराजमध्ये राहिला. म्हणजे सकाळपासून, घर सोडेपर्यंत, त्यांच्या पायात काय होतं?

आता माझी अडचण बघा. गराजबद्दल मला लॉबीत कळलं होतं, तेही मुलाकडून. खोलीबाहेर ऐकलेलं खोलीत आणायचं नाही, हा आमचा नियम. दुभाष्याने आपलं डोकं मध्ये घातलं तर उद्या तो पेशंटच्या नावाने काहीही बोलेल, म्हणून तो केलेला आहे. मी बावीस वर्षं पाळला. पण एक वाटही आहे. पेशंटच्या चालीरीतीमुळे काही समजायचं राहतंय असं वाटलं, तर दुभाषी थांबून, दोन्ही भाषांत उघडपणे, तसं म्हणू शकतो, फक्त 'मी' न म्हणता 'इंटरप्रिटर' म्हणून. फार क्वचित वापरायची. सर्जनना ती आवडत नाही.

"इंटरप्रिटरला एक खुलासा हवा आहे," मी इंग्रजीत म्हटलं, आणि मग मराठीत इंदूताईंना. "भारतीय घरांत पायातलं दाराशी काढून आत जातात. डॉक्टरांनी घरातल्या बुटाबद्दल वेगळं विचारावं, असं इंटरप्रिटर सुचवते."

सर्जन कॉम्प्युटरकडे वळून म्हणाले, "ती बूट घालते. चार नोंदी आहेत."

त्या चार नोंदींमागचं उत्तर माझ्याच तोंडून गेलं होतं, हे मी बोलले नाही. गप्प राहणं हेही या नोकरीत शिकावं लागतं.

त्यांनी सुस्कारा टाकून विचारलं. मी मराठीत विचारलं. "घरात असताना बूट कुठे असतो?"

"गराजमध्ये. चपलांच्या रॅकवर," इंदूताई म्हणाल्या. जणू कोणी विचारलं होतं, दूध कुठे ठेवता.

"म्हणजे घरात चालताना?"

"अनवाणी. घरात कोण घालतं पायात?"

"जिना आहे घरात?"

"आहे ना. देवघर वर आहे. दिवसातून चार-पाचदा होतं वर-खाली. या थंडीत बाहेर जातेच कुठं मी? डॉक्टरकडे तेवढी येते."

सर्जनने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "म्हणजे हा बूट तिने फक्त मला भेटायला येताना घातलाय."

मी ते मराठीत सांगितलं. इंदूताई संतापल्या. "मग आधी नाही का विचारायचं? चार-चार शिकलेले लोक, बूट घालता का, बूट घालता का. कुठं घालता, हे एकानं विचारलं नाही." हेही मी शब्दाला शब्द सांगितलं. मनापासून सांगितलं.

संमतीचा कागद सर्जनने परत घेतला. म्हणाले, सहा आठवडे खरोखर घालून बघू, घरातसुद्धा. त्यावर इंदूताईंनी साफ नकार दिला. पार्किंगमधलं, बर्फ वितळायला टाकलेलं मीठ आणि चिखल लागलेला ठोकळा घालून त्या देवापुढे जाणार नव्हत्या. ऑपरेशन परवडलं. मला वाटलं, आता हेही फिसकटतं.

"दुसरा द्या," इंदूताईच म्हणाल्या. "घरातला वेगळा. उंबऱ्याबाहेर जाणार नाही तो."

"एका पायाला दोन बूट?" सर्जन म्हणाले.

"तुमच्याकडे बागेतले वेगळे असतात ना? तसं."

त्यांनी दुसरा बूट लिहून दिला. पूजेला खुर्चीवर बसून काढला तरी चालेल, पायावर भार द्यायचा नाही, एवढी तडजोड झाली. घरातला ओळखू यावा म्हणून इंदूताईंनी त्याच्या पट्ट्याला लाल दोरा बांधला, असं मंदारने मला नंतर सांगितलं. स्प्रेडशीट त्याने डिलीट केलं.

दोन दिवसांनी आमची सुपरवायझर डेनिस हिने मला बोलावलं. "तू सर्जनला मध्येच थांबवलंस?"

"खुलासा मागितला. दोन्ही भाषांत."

"त्याचा ईमेल आलाय." तिने वाचून दाखवला. एकच वाक्य. इंटरप्रिटरने हे पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं.

मला इतका राग आला की काय सांगू. चार डॉक्टर, सव्वातीन महिने, आणि विचारायचं होतं मी. पण खुर्चीत बसल्यावर राग टिकला नाही, कारण तो माणूस बरोबर होता.

"तू कशी विसरलीस?" डेनिसने विचारलं. तिचा सूर वाईट नव्हता.

"विसरले नाही. दिसलंच नाही. माझ्या चपलाही गराजमध्येच असतात, डेनिस. घरात पायात काही नसतं, यात सांगण्यासारखं काय आहे?"

डेनिसने टेबलाखाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. "मी सोफ्यावरही बूट घालून बसते," ती म्हणाली. "मलाही सुचलं नसतं." मग तिने पॅड ओढून एक ओळ लिहिली.

सहा आठवड्यांनी सूज उतरली. मे महिन्यात हाड जुळू लागलेलं फोटोत दिसलं आणि ऑपरेशन कॅन्सल झालं. घोटा शंभर टक्के बरा झाला नाही. थंडीत जिना चढताना इंदूताईंना अजून कळ येते, आणि ती फॅमिली डॉक्टरांचं ऐकून आधीच चालल्यामुळे येते, असं त्या ठाम सांगतात. फॅमिली डॉक्टरांची यात काही चूक नव्हती. त्यांना जेवढं सांगितलं होतं, तेवढ्यावर चौघांचाही सल्ला बरोबरच होता.

तेव्हा तन्वी, कोणाचं ऐकू हे मला विचारू नकोस. मैदानाच्या कडेला उभी राहून 'फक्त बघते' म्हणतेस आणि पाळी आली की पळतेस, हे चिन्मयने मला सांगितलं आहे. तिन्ही डॉक्टरांना ते सांग. मग त्यांचे सल्ले पुन्हा ऐक.

दर अपॉइंटमेंटनंतर आम्ही वहीतली पानं श्रेडरमध्ये घालायचो, म्हणून त्या हिवाळ्याची माझ्याकडे एकही नोंद नाही. मी निवृत्त झाले, डेनिस दुसऱ्या राज्यात गेली. पायाच्या पेशंटांना पहिल्या दिवशी भरायला देतात त्या फॉर्मवर तिने लिहिलेली ओळ अजून आहे. मागच्या महिन्यात माझ्याच गुडघ्यासाठी गेले तेव्हा मीही ती भरली. सातवा प्रश्न: घरात असताना पायात काय असतं?