गल्लीतलं सर्वांत कमी बिल

ओदेत शार्बोनो आमच्या गल्लीत विजेच्या बिलासाठी प्रसिद्ध होती. कुणी नातवंडांसाठी प्रसिद्ध असतं, कुणी भांडणांसाठी. ओदेतचं नाव निघालं की लोक म्हणत, "ती का? कमी बिलवाली!" मॉन्ट्रियलच्या पूर्वेकडची ही गल्ली. तीन-तीन मजल्यांची भाड्याची घरं, बाहेरून लोखंडी जिने, आणि आत भिंतींच्या पायथ्याशी विजेवर तापणारे पत्र्याचे लांबट हीटर. भाडं घरमालकाचं आणि हिवाळा वीज कंपनीचा, अशी आमच्याकडची वाटणी आहे. बारीकसारीक जे उरेल त्यात माणसानं जगायचं.

ओदेत मात्र त्यातही ऐटीत जगायची. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली बाई. उरलेल्या बटाट्याचं काय करायचं हे तिला कुणी शिकवावं लागत नसे, आणि उरलेल्या उबेचं काय करायचं हेही. पहिली थंडी पडायच्या आत तिच्या खिडक्यांवर प्लास्टिकचा पातळ कागद चढलेला असायचा, हेअर ड्रायरनं तापवून ढोलासारखा ताणलेला. दाराच्या फटीला जुन्या पँटच्या पायात वाळू भरून केलेला साप. आंघोळीचं गरम पाणी ती लगेच सोडायची नाही, टबात निवेपर्यंत ठेवायची, म्हणायची, "मी पैसे भरलेत, ते नाल्याला का तापवू?" थर्मोस्टॅट सतरावर. पाहुणे आले तर साडेसतरा. आणि बिल? बिल फ्रिजच्या दारावर, जिथे इतरांकडे नातवाचं चित्र असतं तिथे.

तिच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, आर्मां लाफ्लेश राहायचा. बंदरावर ओझी वाहून गुडघे गेलेला, बायको गेलेली, विनोद तेवढा शाबूत. त्याचा थर्मोस्टॅट चोवीसवर. बाहेर थुंकी गोठेल अशा दिवसांत हा गडी घरात बनियनवर फिरायचा, आणि सिगरेटचा धूर जावा म्हणून खिडकी बोटभर उघडी ठेवायचा. ओदेतच्या लेखी ती खिडकी म्हणजे महापाप.

दर गुरुवारी ओदेत वाटाण्याच्या सुपाचं भांडं घेऊन जिना उतरायची. मग पत्ते आणि पत्त्यांबरोबर तोंडसुख.

"बनियनवरच फिरायचं असेल तर फ्लोरिडाला जा ना!"

"फ्लोरिडात तू नसतेस. मला ओरडणार कोण?"

"तुझ्या पैशानं सगळी गल्ली तापतेय, आर्मां."

"तापू दे. मेल्यावर मी थंडच पडणार आहे, आत्तापासून सराव कशाला?"

एकोणीस वर्षं हे असं चाललं होतं.

मग एका ऑक्टोबरात आर्मां स्वतः जिना चढून वर आला. ज्या माणसानं गुडघ्यांपायी वरचा मजला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, तो दारात धापा टाकत उभा. ओदेतनं आधी खुर्ची दिली, मग पाणी.

"हस," तो म्हणाला. "पोटभर हसून घे."

"काय झालं सांगशील का?"

"मागच्या हिवाळ्याचे विजेचे हप्ते अजून फिटले नाहीत. आणि तुझ्या-माझ्या लाडक्या घरमालकानं, पिलोंनी, भाडं वाढवलंय. भाडं भरलं की वीज राहते, वीज भरली की भाडं. सोलांज म्हणते, मामा, बास झालं, वृद्धाश्रमात चला. तिनं जागाही बघून ठेवलीय." त्यानं चर्चमधल्या पेल्यापासून कपाटापर्यंत एकेका पवित्र वस्तूचं नाव घेऊन शिवी हासडली. आमच्याकडे शिव्या देवघरातूनच येतात. "तिथे संध्याकाळचं जेवण साडेचारला वाढतात, ओदेत. साडेचारला! त्या वेळी मी अजून दुपारचं पचवत असतो."

ओदेत हसली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तू कुठेही जात नाहीस. मी तुझं बिल खाली आणते."

आणि ती जे बोलली ते तिनं केलं. तशी ती शब्दाची पक्की होती. आर्मांच्या खिडक्यांवर कागद चढला. हीटरसमोरून सोफा हलला. दाराला वाळूचा साप आला. सिगरेट बाहेरच्या पायरीवर, कोट घालून. थर्मोस्टॅट मात्र एकदम नाही, आठवड्याला एकेक अंशानं. व्यसन सोडवतात तसं.

"मास्तरीणबाई, बावीस झाले, आता तरी शाबासकी द्या."

"एकवीसला देईन."

"पाय गार पडतात गं."

"मोजे कशाला शोधून काढलेत माणसांनी?"

नाताळाच्या सुमाराला आर्मां सतरावर आला होता. स्वयंपाकघरात कोट, डोक्याला लोकरी टोपी, आणि हातात बोटं कापलेले हातमोजे, पत्ते धरता यावेत म्हणून. जानेवारीत बिल आलं ते जवळपास निम्मं. त्यानं ते फ्रिजवर लावलं आणि खालूनच झाडूच्या दांड्यानं छतावर ठोकून ओदेतला बोलावलं. "बघ! आता आश्रम गेला खड्ड्यात!" लहान मुलासारखा हसत होता.

ओदेतही हसली. पण अंगावरची शाल तिनं घट्ट ओढून घेतली. तिला गेले कित्येक दिवस वर फार थंडी वाजत होती.

आधी तिला वाटलं, वय. मग वाटलं, हिवाळाच यंदा कडक आहे. सतराचे तिनं एकोणीस केले, कुणाला न सांगता. पुढे वीस. तिच्या घरातले हीटर आता रात्रंदिवस टकटक करायला लागले. एकोणीस वर्षांत हा आवाज तिनं क्वचितच ऐकला होता. तिचं बिल वर्षाची सरासरी धरून बारा सारख्या भागांत यायचं, वर्षातून एकदाच, वसंतात, खरा हिशेब लागायचा. त्यामुळे कागदावर काहीच दिसत नव्हतं. दिसलं ते मांजराकडे बघून.

तिचं म्हातारं मांजर, फिलू, कायम स्वयंपाकघराच्या मधोमध उघड्या लाकडी जमिनीवर झोपायचं. तिथे गादी नाही, सतरंजी नाही. ओदेत म्हणायची, "माझ्यासारखंच काटक आहे." यंदा ते तिच्या पांघरुणात शिरून झोपत होतं. एका सकाळी ओदेतनं त्या रिकाम्या जागेवर वाकून हात ठेवला. जमीन दगडासारखी गार होती. ती जागा आर्मांच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर होती.

मग उठली आणि पहिलं काम केलं ते फ्रिजवरचं आपलं बिल उलटं करून लावलं.

आता इथे सरळ वाट होती. खाली जायचं आणि म्हणायचं, "आर्मां, एवढी वर्षं मी तुझ्या उबेवर जगले. तू बिनधास्त तापव, अर्धे पैसे माझे." त्यात तो राहिला असता, तीही राहिली असती, दोघं मिळून जेमतेम पण उबेत. ती त्या गुरुवारी सूप घेऊन खाली गेलीसुद्धा हेच ठरवून. पण वाटेत तळमजल्याच्या दारात शेजारची लिझ भेटली आणि म्हणाली, "मादाम शार्बोनो, आर्मांचं निम्मं केलंत म्हणे! आमच्याकडे कधी येता?" आणि ओदेतच्या तोंडून निघालं, "येईन की शनिवारी."

आर्मां टेबलाशी खोकत बसला होता.

"चेहरा पांढरा पडलाय तुझा," ओदेत म्हणाली. "वीसवर ठेव थोडे दिवस."

"काय? तू मला बिघडवायला आलीस की काय?"

"खोकतोयस म्हणून म्हणते."

"खोकला सिगरेटचा आहे. सतरा म्हणजे सतरा. तुझं किती आहे?"

ओदेतनं पत्ते पिसले. "सतरा," ती म्हणाली.

"मग! बाईमाणूस राहतंय आणि मी बंदरावरचा गडी विसावर जाऊ?" आणि त्यानं बदामाची राणी आपटली.

पुढच्या दोन्ही गुरुवारीही ती तेच म्हणाली, जरा जास्त आग्रहानं. अर्ध्या पैशांचा शब्द तिन्ही वेळा जिभेवर आला आणि तिन्ही वेळा सुपाबरोबर गिळला गेला. चौथ्या गुरुवारी आतून दार उघडलं नाही. रुग्णवाहिका आली ती लिझनं बोलावलेली. न्यूमोनिया.

आर्मां वाचला, पण घरी आला नाही. भाची सोलांज सामान बांधायला आली, दमलेली, भली बाई. तिनं ओदेतचे दोन्ही हात हातात घेतले. "मादाम शार्बोनो, तुमचे उपकार कसे फेडू? मामा आश्रमात सगळ्यांना सांगतो, ओदेतनं माझं बिल निम्म्यावर आणलं." ओदेतनं मान हलवली.

पिलोंनी तळमजला जुलैपर्यंत, म्हणजे आमच्याकडे लोक घरं बदलतात तोवर, रिकामाच ठेवायचं ठरवलं. पाइप गोठू नयेत इतपत हीटर चालू. बाकी अंधार. वर ओदेतचे हीटर टकटकत राहिले. बावीस करूनही पाय गार, कारण पायाखाली आता अख्खा हिवाळाच भाड्यानं राहायला आला होता. एप्रिलमध्ये वार्षिक हिशेबाचा लिफाफा आला. आकडा वाचून ती खुर्चीत बसली. पुढच्या वर्षीचे बारा हप्तेही त्याच मानानं फुगलेले होते. शनिवारी लिझकडे ती गेलीच नव्हती. आता कुणी बोलावणारही नव्हतं.

रविवारी ती आर्मांला भेटायला गेली. आश्रमात दारातच उबेचा लोट अंगावर आला. आर्मां खिडकीशी बसला होता, बनियनवर. खिडकी उघडत नव्हती. इथल्या खिडक्या उघडतच नाहीत.

"आलीस? सूप?"

ओदेतनं भांडं ठेवलं. कोट न काढता खुर्चीच्या कडेवर टेकली. "आर्मां, माझं बिल आलं."

"किती?"

तिनं सांगितलं.

आर्मां आधी हसला, मग खोकला, मग खोकता खोकता हसला. डोळे पुसून म्हणाला, "बरं झालं बाई. एकोणीस वर्षांचं एकदम वसूल झालं."

"तुला माहीत होतं?"

"पोरपणी आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. माझी आई खालच्या बाईला दर रविवारी केक द्यायची. का देते ते आम्हाला मोठेपणी कळलं." त्यानं भांड्याचं झाकण उघडून वास घेतला. "मला वाटायचं, तू सूप त्यासाठीच आणतेस. मग एकदा तुझं बोलणं ऐकलं आणि कळलं, हिला खरंच माहीत नाही. इतकी खूश असायचीस त्या बिलावर. म्हटलं जाऊ दे."

"आणि या हिवाळ्यात? मी विसावर ठेव म्हणाले तेव्हा?"

"तेव्हा समजलो, आता हिला कळलं." तो झाकण लावत म्हणाला. "वाट बघत होतो, तू पुढचं वाक्य कधी बोलतेस."

खोलीतला हीटर आवाजसुद्धा न करता तापत होता. ते वाक्य आत्ता बोलून कुणाचंही घर तापणार नव्हतं.

"कोट काढ," आर्मां म्हणाला. "इथली ऊब फुकट आहे. म्हणजे माझ्या पेन्शनीतून आधीच कापलेली. घे थोडी."

तिनं कोट काढला. साडेचारला जेवणाची घंटा झाली. आर्मां भिंतीला धरून उठला आणि गेला. ओदेत मात्र तशीच बसून राहिली, त्याच्या खोलीत, एकटी, आरामखुर्चीच्या मऊ पाठीला टेकून. हिवाळा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तिचे पाय गरम झाले होते.