यह सब खाली कीजिए

मंदाकिनीबाईंनी अमरावतीच्या शाळेत उभी हयात हिंदी शिकवली होती, आणि त्याचा तोरा निवृत्तीनंतरही उतरला नव्हता. भोपाळला, कोलार रोडवरच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून तर तो वाढलाच. भाजीवाल्याने 'अपन को' म्हटलं की त्या तिथल्या तिथे 'मुझे' म्हणून दुरुस्त करत. भाजीवाला मान डोलवी आणि पुन्हा 'अपन को'च म्हणे. सून सायली भोपाळचीच, हिंदीत वाढलेली. तिच्या मराठीचीही बाईंच्या तावडीतून सुटका नव्हती.

त्यांच्या वरच्या फ्लॅटमध्ये सुमित्रा मालवीय भाड्याने राहायला आली. घरात ती आणि तिची म्हातारी आई, आणि पोटापाण्यासाठी दुपारी मुलींचा कथकचा क्लास. सगळ्या पोरी एकदम पाय आपटायला लागल्या की बाईंच्या छताचा पंखा थरथरायचा. आणि दुपारची झोप म्हणजे बाईंचा जीव की प्राण! त्यांनी कानात कापूस घालून पाहिला, देवाचं नाव घेऊन पाहिलं. शेवटी एका दुपारी नुकता डोळा लागतोय तोच वर धाडधाड सुरू झाली, आणि बाईंचं पित्त खवळलं. तशाच तरातरा वर गेल्या.

दार उघडताच त्या कडाडल्या, "यह सब खाली कीजिए! यहाँ नहीं चलेगा!"

त्यांना म्हणायचं होतं एवढंच, की हे सगळं खाली करा. पार्किंगशेजारी सोसायटीचा हॉल दिवसभर नुसता पडून असतो. सुमित्राचा चेहरा उतरला. हात जोडून ती "जी, आंटी" एवढंच म्हणाली. मोहीम फत्ते झाल्याच्या आनंदात बाई परतल्या. दुसऱ्या दिवसापासून वर अगदी चिडीचूप झालं.

पुढे एकदा जेवताना सायली म्हणाली, "आई, वरच्या मालवीय दीदी घर सोडून राहिल्या. मंडीदीपला मकान पाहिलं म्हणे. एवढ्या दूर क्लासच्या मुली कशा जातील? बेचारीला सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"एवढा कसला तो राग?" बाई फणकारल्या. "नाच तेवढा खाली करा म्हटलं, तर घरच सोडायचं?"

तेवढ्यात अंगणातून चौकीदाराची आरोळी आली, "टंकी खाली करो! सफाई वाले आ गए!"

बाईंचा घास हातातच राहिला. टाकी तर गच्चीवर होती. ती काही कोणी खाली आणणार नव्हतं, रिकामी करणार होतं. म्हणजे आपण त्या दिवशी काय बोललो? जन्मभर पोरांच्या चुका काढणाऱ्या बाईंनी रागाच्या भरात मराठीतलं 'खाली' हिंदीत ठोकून दिलं होतं. त्यातून त्यांचा मुलगा पराग सोसायटीचा सेक्रेटरी. सेक्रेटरीची आई दारात येऊन 'खाली कीजिए' म्हणते, तर भाडेकरू बाई बिचारी दुसरं काय समजणार?

"काय झालं, आई?"

"काही नाही. ठसका लागला."

एक जिना चढून एक वाक्य बोलायचं होतं. पण ते वाक्य सायलीच्या कानावर जाणार, तिथून साऱ्या इमारतीत, आणि मग भाजीवालासुद्धा हसणार. संध्याकाळी जाऊ, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी वाटलं, उद्या जाऊ. उद्याचा परवा झाला. स्वतःची इतकी लाज त्यांना कधीच वाटली नव्हती, तरी पाय उचलत नव्हता. वर पाऊलही वाजत नव्हतं आणि दुपारी त्यांना झोप येत नव्हती.

रविवारी फाटकापाशी टेम्पो लागला, तेव्हा मात्र त्या धावतच गेल्या. सुमित्रा घुंगरांची पिशवी छातीशी धरून उभी होती. तिची आई आधीच पुढे बसली होती.

"बेटी, मैंने घर खाली करने को नहीं कहा था," बाई धापा टाकत म्हणाल्या. "मराठी में 'खाली' मतलब नीचे. नीचे हॉल में सिखाइए, इतना ही कहना था."

सुमित्रा म्हणाली, "आंटी, परसों भी बता देतीं तो रुक जाते. मकान मालिक तो रोक ही रहे थे. कल उन्होंने दूसरों को हाँ कर दी."

मग तिने अगदी सरळपणे विचारलं, "आपको कब पता चला?"

बाईंनी खाली पाहिलं.

"आज ही, बेटी. अभी-अभी."

या हिंदीत मात्र एकही चूक नव्हती.