लाल निशाण आणि खताची चार पोती

माझ्या ताईच्या सासऱ्यांइतका सावध माणूस मीरा-भाईंदरच्या हद्दीत तरी दुसरा नसेल. खाडीपलीकडच्या वसईबद्दल मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण तिथेही कठीणच आहे. उभा जन्म त्यांनी चेण्याजवळच्या एका दगडखाणीत सुरुंग लावण्यात घालवला आणि हातांची दहाही बोटं शाबूत घेऊन ते रिटायर झाले. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्या बोटांचा त्यांना फार अभिमान. ताईचं लग्न ठरवायला आम्ही गेलो, तेव्हा मुलाचा पगार आणि शिक्षण बाजूला ठेवून त्यांनी आधी आम्हाला बोटंच दाखवली होती.

खाण सुटली, पण खाणीची शिस्त सुटली नाही. घरात कुकर लागला की काका ओट्याजवळच्या सगळ्यांना हॉलमध्ये आणून बसवतात. ताईने मोहरी टाकण्याआधी "फोडणी!" अशी हाळी द्यायची, हा दंडक. दिवाळीत एखादा फटाका फुसका निघाला तर त्याच्याभोवती खुर्च्या मांडून रस्ता अडवतात आणि त्यावर बादलीभर पाणी ओतल्याशिवाय रिक्षालासुद्धा जाऊ देत नाहीत. पाहुण्याच्या खिशातला लायटर दाराबाहेर चपलांशेजारी राहतो. या अपमानापायी माझे एक मामा वर्षभर ताईकडे फिरकले नाहीत. पुढे त्यांनी सिगारेटच सोडली, आणि त्याचं श्रेय काका अजून घेतात.

अमोनियम नायट्रेटबद्दल मात्र ते घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात, म्हणजे निम्मं कौतुक आणि निम्मी तक्रार. "दिसायला साखरेसारखं. शेतात टाक, भाजी हिरवीगार. खाणीत आणलं की डोंगर फोडतं. तू राहतोस त्या टॉवरची खडी कुठनं आली? घोडबंदरचा रस्ता कशावर झाला?" इथवर आलं की त्यांचा आवाज उतरतो. "पण त्याला कोणाशेजारी ठेवायचं ते कळलं पाहिजे. स्वतः पेटत नाही, पण शेजारी आग लागली की तिला दम पुरवतं. आणि कोंडून तापलं, तर मग कोणाच्या बापाला आवरत नाही."

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर ताईच्या सोसायटीने बागेसाठी नायट्रेटच्या खताची चार पोती आणली आणि सरळ मीटर रूममध्ये टाकली. भिंतीवर अख्ख्या बिल्डिंगचे मीटर, खाली रंगाचे डबे आणि मंडपाचे जुने पडदे, त्यांना टेकून ही पोती. ताईचं घर बरोबर त्या खोलीच्या डोक्यावर. काकांनी पोत्यावरची अक्षरं वाचली आणि त्यांची जेवणावरची वासनाच उडाली. सेक्रेटरी म्हणाला, "अरे दादाजी, खाद है, बम थोडी है!"

"खादच आहे ना? मग खेत में रखो! वर माझी सून, नातवंडं झोपतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मीटर रूमच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि पोती हलल्याशिवाय उठणार नाही म्हणून जाहीर केलं. चेअरमन समजावून गेले. सेक्रेटरी चिडून गेला. शेवटी आमचे भाऊजी, म्हणजे काकांचे चिरंजीव, हात जोडून उभे राहिले. "बाबा, लोक हसतायत."

"हसू दे. हसायला माणसं राहिली पाहिजेत."

संध्याकाळपर्यंत सेक्रेटरी टेकीला आला. "ले जाओ, जहाँ ले जाना है!" जवळच्या मुर्धा गावात काकांचा खाणीतला जुना जोडीदार भाजीचे वाफे करतो, त्याच्याकडे पोती न्यायची ठरली. टेम्पोवाल्याच्या ओठांत बिडी दिसली म्हणून टेम्पो बाद झाला आणि हातगाडी आली. पुढे खाणीतलं लाल निशाण आणि शिट्टी घेऊन काका, मागे गाडी, तिच्यामागे पाण्याची बादली घेऊन मी, अशी आमची मिरवणूक निघाली. पाठीमागे बस, रिक्षा आणि डंपर बोंबलत होते. काकांनी एकदाही वळून पाहिलं नाही. जोडीदार बांधावरूनच ओरडला, "काय रं, खत आनलंस का कोनाची वरात?" ते खत आगीपासून आणि पेंढ्यापासून लांब ठेवण्याची शपथ त्याच्याकडून घेतल्यावरच काकांनी निशाण गुंडाळलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, मी ताईकडे असताना मीटर रूममध्ये ठिणगी पडली आणि पडदे पेटले. काकांनी जिने चढून दारं बडवली आणि सगळ्यांना खाली रस्त्यापलीकडे नेलं. कोणीतरी मेन स्विच बंद केला, वॉचमनने वाळू मारली, आणि आग विझली. चार-दोन मीटर आणि पडदे गेले, बाकी काही नाही. सेक्रेटरी हसत हसत म्हणाला, "देखा दादाजी? इतनी सी आग थी. आप खाली-पीली डरते हो." लोकही हसले. तिथे पोती असती तर काय झालं असतं, हे एकाच्याही मनात आलं नाही. मला राग आला, मी बोलणारही होतो, पण काकांनी माझा दंड दाबला आणि तेही सगळ्यांबरोबर हसले.

मग कठडा धरून, एकेक पायरी चढत ते वर आले. नातवंडं आधीच येऊन टीव्हीच्या रिमोटवरून भांडत होती. ताईने चहा दिला. काकांनी कपबशी उचलली आणि कप बशीवर खडखडायला लागला. या माणसाला भीती वाटते हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. आम्ही तिला लहर समजत होतो. त्या क्षणी मला त्यांची फार माया आली. नातवंडांवरची नजर न हलवता ते पुटपुटले, "काही झालं नाही ना? मग झालं तर." कप खडखडतच होता. ताईने तो त्यांच्याकडून काढून घेतला आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून बराच वेळ तशीच बसून राहिली.